एकाच लिंगाच्या दोघांचा विवाह : कायदा, समाज आणि मंडळी

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१८-२५, यशया ५६:३-८, मत्तय १९:३-१२, प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०, रोम १:१८ ते २:४.

पाठाचा हेतू : एकाच लिंगाच्या दोन व्यक्तींच्या विवाहाचा प्रश्न जगात व आपल्या देशात कसा उभा राहिला, आज कायदा काय म्हणतो आणि निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी काय ठरविले, हे समजून घेणे, आणि असा प्रश्न ज्या घरात उभा राहतो त्या घराविषयी आपले कर्तव्य काय, याचा विचार करणे.



हा विषय मंडळीच्या मासिकात कशाला, असे काहींस वाटेल. परंतु जो विषय वर्तमानपत्रांत आणि मुलांच्या हातातील फोनवर वारंवार येतो, तो मंडळीत काढला नाही म्हणून नाहीसा होत नाही. शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गातील मुले तो शिक्षकांस विचारतात. शिक्षक गप्प बसले तर उत्तर दुसरीकडून मिळते, आणि ते खरे असेलच असे नाही. यास्तव आधी हकीकत, मग शास्त्राचा विचार आणि शेवटी कर्तव्य, असा क्रम येथे ठेवला आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या विषयात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. राज्याने अशा दोघांस कोणते हक्क द्यावेत, हा पहिला. मंडळीने कोणत्या विवाहास आशीर्वाद द्यावा, हा दुसरा. आणि असा मुलगा किंवा मुलगी आपल्याच घरात असेल तर आपण कसे वागावे, हा तिसरा. पहिल्या दोहोंविषयी प्रामाणिक ख्रिस्ती माणसांत मतभेद आहेत. तिसऱ्याविषयी मात्र मतभेदास फार थोडी जागा आहे, हे या पाठाचे मुख्य म्हणणे होय.

१. आपल्याच प्रांतातील गोष्ट

हे खूळ परदेशातून आले, असे पुष्कळदा म्हटले जाते. ग्वाल्हेरच्या वाचकांस त्याचे उत्तर दूर शोधावयास नको. डिसेंबर १९८७ मध्ये मध्य प्रदेशच्या विशेष सशस्त्र पोलीस दलातील, भोपाळ येथे नेमणुकीस असलेल्या दोन स्त्री शिपायांनी सागर येथे गांधर्व पद्धतीने एकमेकींशी विवाह केला. १९८८ च्या आरंभी ही बातमी देशभर छापून आली. दोघींस नोकरीतून कमी करण्यात आले. या दलाच्या तुकड्या ग्वाल्हेरलाही आहेत. अशा एका पगारावर किती माणसांचे पोट चालते, हे लष्कर-मुरारच्या रहिवाशांस सांगण्याची गरज नाही.

आता तारखा पाहाव्यात. त्या वेळी जगातील एकाही देशात असा विवाह कायद्याने होत नव्हता. डेन्मार्कने अशा जोडप्यांच्या सहजीवनाची सरकारी नोंद करण्याचा कायदा प्रथम केला, आणि तो १ ऑक्टोबर १९८९ रोजी अमलात आला. पूर्ण अर्थाने विवाहाचा कायदा नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. म्हणजे सागरचा हा विवाह डेन्मार्कच्या कायद्याच्याही आधीचा आहे. त्या शिपाई स्त्रियांनी परदेशी कायद्याची नक्कल केली असे म्हणता येत नाही, कारण नक्कल करावी असा कायदाच नव्हता. आपल्या समाजात नाते चार माणसांसमोर सांगावयाचे असेल तर विधी करावा लागतो. तो त्यांनी केला, आणि त्याची किंमतही त्यांनीच दिली.

मराठीतही हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर वाचकांच्या अशाच प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे कर्वे यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले होते. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले, आणि एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवरील प्रेम व त्यापायी तिला आलेले एकाकीपण हाच त्याचा विषय होता. समलिंगी ओढ असलेली माणसे आपल्यात होतीच. त्यांच्याविषयी बोलण्याची रीत नव्हती, इतकेच.

२. कायद्याची वाट

भारतीय दंडविधान १८६० मध्ये तयार झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. त्याच्या ३७७ व्या कलमाने पुरुषापुरुषांतील शरीरसंबंध हा गुन्हा ठरत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, प्रौढ व्यक्तींनी खाजगीत व स्वखुशीने ठेवलेल्या संबंधांस हे कलम लागू होणार नाही असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरविला. आणि पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने त्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का काढून टाकला. त्या पीठावर धनंजय चंद्रचूड आणि अजय खानविलकर हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. खानविलकर हे त्यापूर्वी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि त्या न्यायालयाचे एक खंडपीठ ग्वाल्हेर येथेच आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तीत हे कलम ठेवलेले नाही.

गुन्हा नसणे आणि विवाह मान्य असणे यांत मोठे अंतर आहे. विवाहासाठी वीसहून अधिक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. एप्रिल व मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा बदलणे हे न्यायालयाचे नव्हे तर विधिमंडळाचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनास राज्याने मान्यता द्यावी, असे मत सरन्यायाधीश चंद्रचूड व न्या. कौल यांनी दिले. उरलेल्या तिघांनी ते मान्य केले नाही. तृतीयपंथी व्यक्तीस मात्र स्त्री-पुरुष अशा नात्यात चालू कायद्यांखाली विवाह करता येतो, हे या निकालात स्पष्ट झाले. पुनर्विचाराचे अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आले.

तरीही काही दारे किलकिली झाली आहेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. त्याच वर्षी सरकारने कळविले की, असे दोघे एका शिधापत्रिकेवर एक कुटुंब म्हणून राहू शकतात, बँकेत जोडखाते उघडू शकतात व एकमेकांस वारस-नामनिर्देशित करू शकतात. आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, कुटुंब उभे राहण्याचा विवाह हाच एकमेव मार्ग नव्हे, असे म्हटले. शिधापत्रिका, पासबुक आणि प्रेत या गोष्टी वाचताना किरकोळ वाटतात. परंतु इस्पितळाच्या दारात, सही कोणाची चालेल या प्रश्नापाशी माणूस उभा राहतो तेव्हा त्या किरकोळ राहत नाहीत.

येथे आपण ख्रिस्ती लोकांनी आपला स्वतःचा इतिहासही आठवावा. १८८० मध्ये पंडिता रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, म्हणून समाजाने दोघांस बाहेर टाकले. त्यांचा विवाह झाला तो १८७२ च्या नोंदणी कायद्याखाली, कोणत्याही धर्माच्या विधीवाचून. रमाबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ मध्ये झाला. त्या काळच्या पुष्कळ सज्जनांस तो विवाहच वाटला नसेल. तसेच १८६९ च्या घटस्फोट कायद्याचे. त्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच सिद्ध करणे पुरे होते, परंतु पत्नीला व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्याग यांसारखे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. हा अन्याय २००१ च्या दुरुस्तीने दूर झाला. यावरून समलिंगी विवाह योग्य ठरतो असे नाही. परंतु विवाहाचा कायदा कधी बदललाच नाही, हे म्हणणे मात्र खरे नाही.

चर्चमधील विवाहाविषयी कोणास भीती असेल तर तीही येथेच दूर करावी. आपले विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे होतात. त्यातील प्रतिज्ञेचे शब्द पती आणि पत्नी असे आहेत, आणि साठाव्या कलमात वराचे व वधूचे वय वेगवेगळे सांगितले आहे. २०२३ च्या खटल्याने यातील एक अक्षरही बदलले नाही. कोणाही पाळकावर त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध विवाह लावण्याची सक्ती झालेली नाही.

३. समाजाचे मन कसे बदलले

नेदरलँड्सनंतर पंचवीस वर्षांच्या आत पस्तीसहून अधिक देशांनी असा विवाह मान्य केला. कॅनडाने २००५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेने २००६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी. आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ रोजी लोकांनी स्वतः मतदान केले, आणि सुमारे ६२ टक्के मते बाजूने पडली. आशियात तैवान २०१९ मध्ये आणि थायलंड जानेवारी २०२५ मध्ये या यादीत आले. शेजारच्या नेपाळात तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंद झाली.

आपल्या देशात प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ५३ टक्के लोकांनी अशा विवाहास कायद्याची मान्यता असावी असे सांगितले, तर ४३ टक्क्यांनी विरोध दर्शविला. त्याच वर्षी केंद्राने राज्यांची मते मागविली, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश व आसाम यांनी विरोध कळविला. महाराष्ट्राने विचारास वेळ मागितला. कायद्याची वाट न पाहता घरगुती समारंभही होऊ लागले आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये यवतमाळला एका मराठी तरुणाने आपल्या परदेशी जोडीदाराशी, आणि डिसेंबर २०२१ मध्ये नागपूरला दोन स्त्री डॉक्टरांनी एकमेकींशी, आप्तेष्टांच्या समक्ष बंधन स्वीकारले. कायद्याच्या दृष्टीने हे विवाह नव्हेत. परंतु सागरच्या त्या दोघींच्या वाट्याला जे आले, त्याहून हे फार निराळे आहे.

मन बदलण्यास वैद्यकशास्त्राचेही साहाय्य झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नव्हे असे जाहीर केले. औषधांनी किंवा विजेच्या धक्क्यांनी ही ओढ "बरी" करू पाहणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांस कळविले. तथापि मोठे कारण याहून साधे आहे. ज्यांच्याविषयी आपण ऐकीव बोलत होतो, ते आपले भाऊ, भाच्या, शेजारी व सहकारी निघाले. ओळख झाली की भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की माणूस ऐकून घेऊ लागतो.

४. ज्या मंडळ्यांनी आपल्याकडे मिशनरी पाठविले

हा भाग आपणांस विशेष विचार करावयास लावणारा आहे. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा अमेरिकेत आता युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये आहे. त्या मंडळीच्या महासभेने जुलै २००५ मध्ये समलिंगी विवाहास पाठिंबा दिला. कोल्हापूर, सांगली व मिरज येथे सेवा करणाऱ्या प्रेसबिटेरियन मिशनच्या अमेरिकेतील मंडळीने २०१५ मध्ये आपल्या नियमांतील विवाहाची व्याख्या बदलली. डॉ. जॉन विल्सन यांचा जिच्याशी संबंध होता त्या स्कॉटलंडच्या मंडळीने २०२२ मध्ये, ज्या पाळकांची इच्छा असेल त्यांना असा विवाह लावण्यास परवानगी दिली. कॅनडाचे मिशन १८७७ पासून इंदूर व माळव्यात कार्य करीत आले; तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात असलेले उज्जैन हे त्याचे एक ठाणे होते. त्या परंपरेतील युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने १९८८ मध्येच अशा सभासदांस पाळकपदाची वाट मोकळी केली. इंग्लंडच्या मंडळीने डिसेंबर २०२३ पासून अशा जोडप्यांसाठी प्रार्थना करण्यास मान्यता दिली, मात्र विवाह लावण्यास दिली नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे निर्णय शांततेने झाले नाहीत. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट मंडळीने मे २०२४ मध्ये आपले जुने निर्बंध उठविले, परंतु त्याआधीच हजारो स्थानिक मंडळ्या तिच्यातून बाहेर पडल्या होत्या. आफ्रिकेतील अनेक अँग्लिकन मंडळ्यांनी इंग्लंडच्या निर्णयास कडक विरोध केला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेली आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आजही विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांचाच मानते. ज्यांनी आपल्या पूर्वजांच्या हाती शास्त्र दिले, त्यांचेच वारस आज ते शास्त्र निरनिराळे वाचीत आहेत. म्हणून "मिशनरी असे शिकवीत" एवढे म्हणून कोणत्याही बाजूस सुटका नाही. आपणांस स्वतःच वाचावे लागेल.

५. शास्त्राचा विचार

परंपरेने चालत आलेले वाचन असे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष व स्त्री एकमेकांसाठी निर्माण झाली; प्रभूने मत्तय १९ मध्ये तेच वचन पुढे ठेवून विवाहाचे बंधन समजाविले; लेवीय १८ व रोम १ यांत समलिंगी संबंधांचा निषेध आहे. यास्तव विवाहाचा आशीर्वाद या चौकटीबाहेर देता येत नाही. हे मत गंभीरपणे मांडणाऱ्यांस द्वेष्टे म्हणणे बरोबर नाही.

दुसरे वाचन असे. पौल ज्या रोमी जगाविषयी लिहितो, तेथे दास व बालके यांचा उपभोग आणि मूर्तिपूजेशी जोडलेला स्वैराचार होता. आजन्म निष्ठेने राहू इच्छिणाऱ्या दोघांचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. अनुवाद २३ प्रमाणे षंढास मंडळीत प्रवेश नव्हता. तरी यशया ५६ मध्ये त्याला देवाच्या घरात स्थान मिळते, आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्प कूशी अधिकाऱ्यास रस्त्यातच बाप्तिस्मा देतो. हे मत मांडणाऱ्यांस शास्त्रद्रोही म्हणणेही बरोबर नाही.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट चुकवू नये. रोम १ मध्ये पापांची यादी देऊन पौल थांबत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो दुसऱ्याचा न्याय करणाऱ्याकडे वळतो. पहिला अध्याय वर्गात वाचणाऱ्या शिक्षकाने दुसऱ्याची चार वचने वाचल्यावाचून पुस्तक मिटू नये.

६. आपले कर्तव्य

(अ) खोटी साक्ष देऊ नये. नववी आज्ञा या विषयातही लागू आहे. हा आजार आहे, संगतीने लागतो, असे लोक लहान मुलांस बिघडवितात, ही विधाने मंडळीत सर्रास होतात. शेजाऱ्याविषयी असत्य बोलणे हे कोणत्याही मताच्या ख्रिस्ती माणसास शोभत नाही.

(आ) "लग्न करून दिले की सुधारेल" हा सल्ला देऊ नये. यात एकाचे नव्हे, दोघांचे आयुष्य पणास लागते. ज्या मुलीला काही न सांगता अशा मुलाशी बांधले जाते, तिने कोणाचे काय केले आहे? ती वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहते, आणि माहेरी परतली तर दोष पुन्हा तिच्यावरच येतो. मुलगी नको म्हणत असता तिला उजवून टाकणे, यातही तोच अन्याय आहे. जे आईबाप आपणांस परंपरेचे रक्षक म्हणवितात, त्यांनी तरी विवाहाची प्रतिज्ञा असत्याने घ्यावयास लावू नये. पाळकांनी विवाहाची सूचना वाचण्यापूर्वी वराशी व वधूशी वेगवेगळे बोलावे, आणि राजीखुशी खरी आहे की धाकाची, हे पाहावे.

(इ) घराबाहेर काढू नये. एकमेकांपासून तोडलेल्या अशा जोडप्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आपल्या देशात कित्येक वर्षे येत आहेत. विवाहास मान्यता न देणे आणि पोटच्या मुलाला जेवणाच्या पाटावरून उठविणे, या एकच गोष्टी नव्हेत. पहिली गोष्ट कोणी विवेकाने करील. दुसरीस शास्त्रात आधार नाही.

(ई) विश्वासाने सांगितलेले गुप्त ठेवावे. एखाद्या तरुणाने शिक्षकाजवळ मन मोकळे केले, तर ती गोष्ट प्रार्थनासभेत "विनंती" म्हणून फिरू नये. एकदा फोडलेला विश्वास पुन्हा बसत नाही, आणि तो मुलगा पुढे मंडळीची पायरी चढत नाही.

(उ) आईबापांस एकटे सोडू नये. अशा घरात बहुधा आई रडते आणि बाप अबोल होतो. दोघेही उपासनेस येण्याचे टाळतात, कारण लोक काय विचारतील हे त्यांस ठाऊक असते. अशा वेळी उपदेश हाती घेऊन नव्हे, तर नेहमीच्या भेटीस जावे तसे कोणी तरी जावे.

राज्याचा कायदा पुढे बदलेल किंवा बदलणार नाही. आपली महासभा या प्रश्नावर चर्चा करील किंवा करणार नाही. त्या निर्णयास वर्षे लागतील, परंतु मंडळीतील ते घर तोवर थांबू शकत नाही. त्या घरी जाण्यास कोणत्याही ठरावाची आवश्यकता नाही.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. राज्याचा विवाह-कायदा आणि मंडळीचा विवाहविधी यांत काय फरक आहे? पंडिता रमाबाईंच्या विवाहाच्या उदाहरणावरून सांगा.

२. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने काय बदलले आणि काय बदलले नाही?

३. शास्त्राच्या दोन वाचनांपैकी जे आपणांस पटत नाही, ते त्याच्या बाजूच्या माणसास "होय, मला हेच म्हणावयाचे आहे" असे वाटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडून दाखवा.

४. रोम १ व रोम २ एकत्र वाचल्याने अर्थात कोणता फरक पडतो?

५. आपल्या मंडळीतील एखाद्या तरुणाला ही गोष्ट कोणाजवळ तरी बोलावीशी वाटली, तर तो कोणाकडे जाईल? कोणाकडेच जाणार नाही असे उत्तर आले, तर त्याचे कारण काय?

शिक्षकांस सूचना : हा पाठ एका बैठकीत पुरा करू नये. पहिल्या रविवारी हकीकत व कायदा, दुसऱ्या रविवारी शास्त्र, आणि तिसऱ्या रविवारी कर्तव्य घ्यावे. वर्गात कोणाचेही नाव घेऊन उदाहरण देऊ नये, आणि कोणी थट्टा केल्यास तेथेच थांबवावे. ज्याच्याविषयी हा पाठ आहे, तो मागच्या बाकावर बसून ऐकत असण्याचा संभव आहे.